कॉन्झर्व्हेशन एरियातला मोबाइल टॉवर: इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या रहिवासी संघटनेसाठी मोबाइल टॉवरचे अर्ज वाचते. ओळखीतून ओळख निघते, आणि जुन्या वस्तीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांचे मेसेज येत राहतात. बहुतेक मेसेज येतात ते मुदत संपायला दोन दिवस उरलेले असताना. तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

१. कॉन्झर्व्हेशन एरिया म्हणजे काय? लिस्टेड बिल्डिंग आणि हे एकच का?

नाही. लिस्टिंग म्हणजे वारसा यादीत नोंद, आणि ती एका इमारतीची होते. कॉन्झर्व्हेशन एरिया म्हणजे आख्खी वस्ती: रस्त्याची रुंदी, विटांचा रंग, घरांमधली मोकळी जागा, कोपऱ्यावरचं झाड, हे सगळं मिळून जे बनतं ते. १९६७ च्या कायद्याने ही कल्पना आली आणि त्याच वर्षी लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड हे पहिलं क्षेत्र ठरलं. आज इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार क्षेत्रं आहेत. सध्या लागू आहे तो १९९० चा कायदा. त्याच्या कलम ७२ प्रमाणे अशा क्षेत्रात निर्णय घेताना काउन्सिलने त्याचं रूप किंवा स्वभाव जपण्याकडे किंवा खुलवण्याकडे खास लक्ष द्यायचं असतं. तुमचं घर अशा क्षेत्रात आहे का, हे काउन्सिलच्या वेबसाइटवरच्या नकाशात दिसतं.

२. मग अशा ठिकाणी टॉवरला बंदीच असेल ना?

बंदी नाही. उलट सरकारच्या राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणात काउन्सिलांना स्पष्ट सांगितलं आहे की विशिष्ट भागांत टॉवरवर सरसकट बंदी घालू नका. संरक्षण आहे, पण ते "इथे नको" असं नसून "इथे जपून" असं आहे. हा फरक आधी मनात पक्का करा, कारण पुढची सगळी लढाई त्यावरच उभी आहे. "आमचा भाग संरक्षित आहे, म्हणून टॉवर नको" एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही.

३. कंपनीच्या पत्रात लिहिलंय की प्लॅनिंग परमिशन लागत नाही. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. २०१५ च्या एका आदेशाने ठराविक कामांना देशभर आधीच परवानगी देऊन ठेवली आहे. त्यातला सोळावा भाग दूरसंचाराचा. ठरलेल्या उंचीपर्यंतच्या टॉवरला पूर्ण अर्ज लागत नाही, पण कॉन्झर्व्हेशन एरियात नवा टॉवर जमिनीवर उभारायचा तर काउन्सिलची "प्रायर अप्रूव्हल" म्हणजे पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्यात काउन्सिल दोनच गोष्टी तपासू शकते: टॉवर कुठे उभा राहणार आणि तो कसा दिसणार. टॉवर हवा की नको, हा प्रश्नच त्यात नसतो. तो त्या आदेशाने आधीच सुटलेला आहे.

ठरलेल्या उंचीपेक्षा मोठा टॉवर असेल, तर मात्र पूर्ण प्लॅनिंग अर्ज लागतो.

४. किती उंच टॉवर चालतो?

एप्रिल २०२२ पासून पूर्वमान्यतेच्या वाटेने कॉन्झर्व्हेशन एरियात २५ मीटरपर्यंत नवा टॉवर उभारता येतो. सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवरही मर्यादा २५ मीटरचीच. बाकी ठिकाणी ती ३० मीटर आहे. प्रत्यक्षात फुटपाथवरचे फाइव्ह-जीचे खांब बहुतेकदा १५ ते २० मीटरचे असतात. दोन मजली रांगघराचा कळस साधारण आठ-नऊ मीटरवर येतो. म्हणजे २० मीटरचा खांब छपराच्या दुपटीहून वर जातो, आणि त्याच्या पायाशी तीन-चार हिरव्या-करड्या लोखंडी पेट्या येतात. लोकांचं लक्ष खांबावर जातं, पण रोजचा त्रास पेट्यांचा असतो. बाबागाडी किंवा व्हीलचेअर तिथेच अडते.

५. हे ५६ दिवसांचं काय प्रकरण आहे?

या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काउन्सिलला अर्ज मिळाला की घड्याळ सुरू होतं. ५६ दिवसांत "नाही" हा निर्णय कंपनीच्या हातात पडला नाही, तर अर्जात दाखवल्याप्रमाणे टॉवर उभारायला कंपनी मोकळी. निर्णय झाला होता पण पत्र उशिरा पोचलं, हे कारण चालत नाही. कंपनीने लेखी कबूल केलं असेल तरच मुदत वाढते.

हे मी फार जवळून पाहिलं आहे. शेजारच्या एका भागात शंभरावर हरकती गेल्या होत्या, अधिकाऱ्याचा अहवालही विरोधात होता, आणि नकाराचं पत्र वेळेत गेलं नाही. आज तिथल्या छोट्या चौकात, जुन्या दगडी पाणपोईशेजारी, खांब उभा आहे. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते: अर्ज कधी मिळाला ती तारीख काउन्सिलच्या वेबसाइटवर बघा, कॅलेंडरवर ५६ वा दिवस लिहा, आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास प्लॅनिंग ऑफिसरला नम्र ईमेल पाठवा की निर्णय मुदतीत कंपनीला पोचेल ना. यात उद्धटपणा काही नाही. ऑफिसरकडे एका वेळी डझनावारी फायली असतात.

६. आम्हाला कुणी कळवलंच नाही. असं कसं?

काउन्सिलला जागेवर नोटीस लावावी लागते किंवा लगतच्या मालकांना पत्र पाठवावं लागतं, आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस द्यावे लागतात. घरोघर पत्र टाकणं बंधनकारक नाही. नोटीस म्हणजे बहुतेकदा लॅम्पपोस्टला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला एक कागद. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या कागदावर पावसाने शाई इतकी पसरली होती की अर्ज क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बोटाने कागद ताणून वाचावे लागले. तसं झालं तर लगेच फोटो काढा आणि काउन्सिलला कळवा. काउन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या पोस्टकोडसाठी ईमेल सूचना सुरू करता येत असेल, तर आजच करा. २१ दिवस उलटून गेले असले तरी निर्णय होईपर्यंत आलेली हरकत बहुतेक काउन्सिल वाचतात.

७. हरकतीत नेमकं काय लिहावं?

जागा आणि दिसणं. बस.

आधी काउन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या क्षेत्राचं "अप्रेझल" शोधा. बहुतेक क्षेत्रांचं असतं. त्यात वस्तीचं वैशिष्ट्य काय, कोणती दृश्यं महत्त्वाची, हे खुद्द काउन्सिलनेच लिहून ठेवलेलं असतं. त्यातलं नेमकं वाक्य उचला: "पान अमुकवर म्हटलं आहे की चर्चच्या शिखराकडे जाणारं दृश्य खुलं राहिलं पाहिजे, आणि हा खांब नेमका त्या रेषेत येतो." स्वतःच्या शब्दांत दहा ओळी हळहळण्यापेक्षा हे एक वाक्य जड पडतं.

मग फोटो. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून, डोळ्याच्या उंचीवरून काढा. झाडं आड येतात असं कंपनी म्हणत असेल, तर पानगळीनंतरचा फोटो शोधा. इथे वर्षातले पाच-सहा महिने झाडं उघडी असतात. टेप घेऊन फुटपाथ मोजा आणि पेट्या बसल्यावर किती जागा उरते ते लिहा.

आणि आता खरं मर्म: पर्यायी जागा. अर्जासोबत कंपनी एक तक्ता देते, त्यात नाकारलेल्या जागांची यादी असते आणि पुढे एका ओळीत कारण: "फुटपाथ अरुंद", "जमिनीखाली केबल", "घरांच्या फार जवळ". हा तक्ता बहुतेक लोक वाचतच नाहीत. तो छापून घ्या आणि त्या प्रत्येक जागी पायी जाऊन या. रविवारची सकाळ पुरते. "फुटपाथ अरुंद" लिहिलेल्या जागी तीन मीटरचा फुटपाथ निघाला तर फोटोसह लिहा. यादीत नसलेली जागा दिसली, उदाहरणार्थ सुपरमार्केटची पार्किंग किंवा रेल्वेलगतचा पट्टा, तर तीही सुचवा. ती कंपनीच्या शोधाच्या वर्तुळात, म्हणजे जिथून हव्या त्या भागाला सिग्नल पोचतो अशा टापूत, बसायला हवी हे लक्षात ठेवा. दाट वस्तीत फाइव्ह-जीचं वर्तुळ लहान असतं, मैलभर लांबची जागा सुचवून उपयोग नाही. कमी नुकसान करणारी जागा उपलब्ध असू शकते का, हा विचार पूर्वमान्यतेत करता येतो, हे २००३ च्या फिलिप्स खटल्यात उच्च न्यायालयाने मान्य केलं. अपिलांचे निकाल वाचाल तर दिसेल की टॉवर नाकारला गेला तिथे फार वेळा कारण हेच असतं: नुकसान आहे, आणि दुसरी जागा नीट शोधल्याचं कंपनीने पटवलेलं नाही.

एकच मजकूर पन्नास जणांनी चिकटवून पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या ठिकाणांहून काय दिसतं हे सांगणारी पाच पत्रं बरी.

८. रेडिएशनचं काय? घराजवळ शाळा आहे, आम्हाला काळजी वाटते.

काळजी वाटणं समजतं. पण हरकतीत त्यावर भर देऊ नका. मोबाइल लहरींच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवलेल्या आहेत, १९९८ मध्ये आणि सुधारून २०२० मध्ये. टॉवर त्या मर्यादेत राहील असं प्रमाणपत्र कंपनी अर्जासोबत देते. ते असलं की काउन्सिलने आरोग्याचे वेगळे निकष लावायचे नाहीत, असं राष्ट्रीय धोरण सांगतं. हॅरोगेटमध्ये शाळांजवळच्या टॉवरवरून झालेला वाद २००४ मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तेव्हापासून हा दरवाजा जवळजवळ बंद आहे.

मी लिहिलेल्या पहिल्या हरकतीत तीन पानांपैकी अडीच पानं आरोग्यावर होती. अधिकाऱ्याच्या अहवालात त्यांची वासलात एका वाक्यात लागली होती. रस्त्याबद्दल लिहिलेल्या अर्ध्या पानावर मात्र दोन परिच्छेद होते.

आकड्यांबद्दल सांगायचं तर ऑफकॉम या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दहा शहरांतल्या १६ फाइव्ह-जी टॉवरांजवळची मोजमापं प्रसिद्ध केली. सर्वांत जास्त पातळी मर्यादेच्या १.५ टक्के होती.

९. भारतात मर्यादा दहापट कडक आहे म्हणतात. मग इथे ती का मागू नये?

माहिती बरोबर आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश पातळी लागू केली. मुंबई-पुण्यात सोसायट्यांनी गच्चीवरच्या टॉवरविरुद्ध केलेली आंदोलनं पाहून आलेल्या माणसाला इथली पद्धत थंड वाटते. पण मर्यादा काय असावी हे इथे देशपातळीवर ठरतं, काउन्सिलच्या हातात ते नाही (प्रश्न ८). ती बदलायची तर खासदाराला लिहा, हरकतीत नको.

वारशाच्या बाबतीतही दोन्हीकडची रीत वेगळी आहे. भारतात केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम निषिद्ध आणि पुढे २०० मीटर नियंत्रित, अशी मीटरमधली रेघ २०१० पासून कायद्यातच आहे. इंग्लंडमध्ये अशी रेघ नाही, प्रत्येक जागेचा विचार वेगळा होतो. म्हणूनच "आमच्यापासून इतके मीटर लांब हवा" असा नियम शोधू नका, तो सापडणार नाही.

१०. घराची किंमत पडेल, खिडकीतून दिसेल, हे लिहू का?

किंमत प्लॅनिंगमध्ये धरतच नाहीत. खासगी दृश्याचा हक्कही कायद्यात नाही. पण खांब खिडकीच्या अगदी समोर, अंगावर आल्यासारखा येत असेल, तर तो जागेचा मुद्दा होतो. अंतर मीटरमध्ये लिहा, खोली कोणती ते सांगा.

११. कोपऱ्यावर आधीच एक टॉवर आहे. दुसरा कशाला?

इथे कंपन्या जोड्यांनी जागा वापरत आल्या आहेत: व्होडाफोन आणि ओटू यांची सामाईक कंपनी कॉर्नरस्टोन, ईई आणि थ्री (२०२५ पासून व्होडाफोनसोबत एकत्र) यांची एमबीएनएल. त्यामुळे एका कोपऱ्यावर दोन खांब दिसतात. पण असलेल्या टॉवरवर किंवा इमारतीवर सोय होत नाही हे दाखवायची जबाबदारी धोरणाने कंपनीवर टाकली आहे. तेव्हा "शेजारचा खांब वापरून पाहिला का?" हा प्रश्न हरकतीत जरूर विचारा. उत्तर "त्यासाठी तो खांब आणखी उंच आणि जाड करावा लागेल" असं आलं, तर शांतपणे ठरवा की तुमच्या रस्त्याला काय कमी टोचेल. कधी कधी दोन सडपातळ खांब बरे असतात.

१२. टॉवर हद्दीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे येतोय. आमचं क्षेत्र मोडीत निघालं का?

कलम ७२ ची ती खास जबाबदारी क्षेत्राच्या हद्दीतच लागू होते. पण राष्ट्रीय धोरण "सेटिंग" म्हणजे परिसरही जपायला सांगतं. हद्दीबाहेरच्या खांबाने आतलं दृश्य बिघडत असेल, तर तो मुद्दा पुरेपूर चालतो. कंपन्या पुष्कळदा मुद्दाम हद्दीच्या काठावरची जागा निवडतात, त्यामुळे हा प्रसंग वाटतो त्याहून जास्त वेळा येतो. हरकतीत आतून बाहेर पाहतानाचे फोटो द्या.

१३. लिस्टेड बिल्डिंगवर अँटेना बसवता येतो का? आणि चर्चवर?

येतो, पण इमारतीच्या वारसास्वरूपाला धक्का लावणाऱ्या कामाला वेगळी लिस्टेड बिल्डिंग संमती लागते. तिला ५६ दिवसांचा नियम लागू नाही. टॉवर जवळपास उभा राहणार असेल तरी लिस्टेड इमारतीच्या परिसराचा मुद्दा मांडता येतो.

चर्चचं प्रकरण निराळं आहे. चर्च ऑफ इंग्लंडला लिस्टेड संमतीतून सूट आहे, त्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या न्यायालयाची मंजुरी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकार आणि चर्च यांनी शिखरांचा उपयोग ग्रामीण भागात जोडणी पोचवण्यासाठी करायचा करार केला. अँटेना घंटाघराच्या आत बसतो. खिडक्यांमधल्या आडव्या झडपा काढून तशाच रंगवलेल्या फायबरग्लासच्या बसवतात, म्हणजे लहरी आरपार जातात आणि खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मला विचाराल तर जुन्या गावात याहून चांगली जागा क्वचितच मिळते. चिंगफर्डच्या चर्चमध्ये वेगळाच वाद झाला होता: अँटेनामधून अश्लील मजकूरही जाईल, म्हणून आधी मंजुरी नाकारली गेली. वरच्या चर्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

१४. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. मालकाने गच्ची टॉवरला दिली तर?

इथे दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. जागा वापरण्याचा हक्क कंपनीला दूरसंचार संहितेखाली मिळतो. डिसेंबर २०१७ मध्ये ती बदलल्यापासून जागामालकांना मिळणारं भाडं बरंच घटलं, आणि मालक तयार नसला तरी ट्रायब्युनल म्हणजे न्यायाधिकरण तो हक्क देऊ शकतं. पण त्या हक्काने प्लॅनिंगचे नियम सुटत नाहीत. तुम्ही लीजहोल्डर असाल तर आधी लीज काढा आणि गच्ची कुणाच्या ताब्यात आहे ते वाचा. दिसण्याबद्दलची हरकत मात्र प्रश्न ७ प्रमाणेच.

१५. काउन्सिलने नकार दिला. जिंकलो ना?

अजून नाही. कंपनी सहा महिन्यांत अपील करू शकते. ते प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे जातं आणि बहुतेकदा कागदांवरच चालतं. तुमचं पहिलं पत्र तसंच निरीक्षकाच्या पुढ्यात ठेवलं जातं, म्हणून ते पहिल्याच वेळी नीट लिहावं. निरीक्षक स्वतः जागेवर येतो आणि मग वारशाचं नुकसान एका बाजूला, लोकांना होणारा फायदा दुसऱ्या बाजूला असा तोल बघतो. नुकसान कमी दर्जाचं ठरलं तरी त्याला भरीव वजन द्यावंच लागतं. २०१४ च्या बार्नवेल मॅनर खटल्यातला हा निकाल, मुळात पवनचक्क्यांचा आणि लिस्टेड इमारतींच्या परिसराचा, पण वारशाच्या प्रत्येक वादात तो निघतो.

नकारानंतर कंपनी पन्नास मीटर सरकून नवा अर्जही करू शकते. घड्याळ पुन्हा शून्यापासून.

१६. काउन्सिलने मंजुरी दिली. आम्हाला अपील करता येईल?

नाही. अपिलाचा हक्क अर्जदारालाच आहे. रहिवाशांना उरतं ते उच्च न्यायालयातलं न्यायिक पुनर्विलोकन, तेही सहा आठवड्यांच्या आत आणि फक्त कायदेशीर चुकीवर: नोटीस दिलीच नाही, वारशाचा विचारच केला नाही, असं काही. निर्णय आवडला नाही हे कारण नव्हे. वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. काउन्सिलच्या कारभारात हलगर्जी झाली असेल, उदाहरणार्थ ५६ दिवस हुकले, तर आधी काउन्सिलकडे आणि नंतर ओम्बड्समन म्हणजे स्वतंत्र लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याने टॉवर हलत नाही, पण चूक नोंदली जाते.

१७. झाडासारखा दिसणारा टॉवर मागावा का?

पाइनच्या रानात तो खपतो. विटांच्या रांगघरांसमोर वीस मीटरचं प्लास्टिकचं पाइन साध्या खांबाहून जास्त डोळ्यात खुपतं. गर्द करडा किंवा काळा रंग, बारीक खांब, आणि पेट्या भिंतीलगत ओळीत, एवढं मागा. हे मिळतं.

१८. आमच्याकडे रेंजच येत नाही. टॉवरच्या बाजूने लिहिता येतं का?

येतं, आणि अशी पत्रं फार कमी जातात. तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद होत आहे. त्यानंतर वीज गेली तर पुष्कळ घरांत हाताशी राहील तो मोबाइलच. माझ्या ओळखीच्या एक आजी जाड दगडी भिंतींच्या घरात एकट्या राहतात. त्यांना मुलाशी बोलायला बागेच्या फाटकापाशी जाऊन उभं राहावं लागतं, जानेवारीतसुद्धा. त्यांच्या गल्लीतल्या टॉवरला मी पाठिंबा लिहिला, फक्त जागा चाळीस मीटर सरकवून यूच्या सदाहरित झाडांच्या मागे न्यावी एवढी विनंती केली. हरकत आणि पाठिंबा यांच्यामध्ये "हो, पण तिकडे" अशी तिसरी जागा असते, आणि ऑफिसरला ती वाचायला आवडते.

१९. वापरात नसलेला जुना टॉवर तसाच उभा आहे. तो काढायला लावता येतो?

हो. पूर्वमान्यतेने उभारलेल्या टॉवरची गरज संपली की शक्य तितक्या लवकर तो काढून जागा पूर्ववत करणं ही त्याच परवानगीची अट असते. खांबावरचा किंवा पेटीवरचा साइट क्रमांक टिपून घ्या, फोटो काढा, आणि काउन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंट विभागाला कळवा. टॉवर खरंच बंद आहे की फक्त एका कंपनीने सोडला आहे, हे ते कंपनीला विचारून तपासतात. दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलच्या खाली पुन्हा लिहा, नवा ईमेल सुरू करू नका.